स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका, महाराष्ट्रातील

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका, महाराष्ट्रातील : गाव, तालुका, जिल्हा आणि नगर यांचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्थांवर नागरिकांनी मतदानाद्वारे प्रतिनिधी पाठविण्याची कायदेशीर प्रक्रिया. ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद या ग्रामीण संस्था आणि नगरपंचायत, नगरपरिषद व महानगरपालिका या नागरी संस्था यांचा या निवडणुकांत समावेश होतो. पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती, आरोग्य, प्राथमिक शिक्षण, मैला व कचऱ्याची विल्हेवाट हे विषय याच संस्थांकडे असल्यामुळे सामान्य नागरिकाचा शासनसंस्थेशी सर्वांत निकटचा संबंध त्यांच्याद्वारे येतो. अशा संस्थेचे लोकशाही स्वरूप मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : मताधिकार किती व्यापक आहे आणि निवडणूक ठरलेल्या मुदतीत होते किंवा नाही. महाराष्ट्रात पहिला प्रश्न साधारणतः विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुटला. दुसरा मात्र त्यानंतरही वारंवार उपस्थित झालेला आहे.

इतिहास : मुंबई शहराचा कारभार १८६५ च्या अधिनियमान्वये जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे व त्यांच्यावरील आयुक्ताकडे सोपविण्यात आला. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त. त्यांच्या कारकीर्दीत शहरसुधारणेची कामे झाली. तथापि खर्चावर करदात्यांचे नियंत्रण नसल्याने तीव्र असंतोष निर्माण झाला. त्यातून १८७२ चा अधिनियम आला. त्यानुसार ६४ सदस्यांच्या नगरपालिकेतील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावयाचे होते. उरलेल्यांपैकी निम्मे जस्टिसांनी निवडावयाचे आणि निम्मे सरकारने नेमावयाचे होते. ही योजना आखण्यात फिरोजशहा मेहता यांच्या विचारांचा मोठा वाटा होता. पहिली निवडणूक १८७३ मध्ये झाली. पुढे १८८८ मध्ये संमत झालेला मुंबई महानगरपालिका अधिनियम अनेक दुरुस्त्यांसह आजही अंमलात आहे.

इतर नगरांत निवडणुकीचे तत्त्व यापेक्षा सावकाश रुजले. पुण्यात जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. परंतु ते सरकारनियुक्त सदस्य होते. नियुक्त असूनही व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी सार्वजनिक निधी खर्च करण्यास त्यांनी विरोध केला, हे लक्षणीय होय. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने स्थानिक संस्थांत बिनसरकारी सदस्यांचे बहुमत असावे व शक्य तेथे ते निवडणुकीने यावेत, असे धोरण जाहीर झाले. कारभारातील काटकसरीपेक्षा लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन म्हणून या संस्थांकडे पाहावे, ही त्यामागील दृष्टी होती. तदनुसार मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये नगरपालिका व लोकल बोर्डे यांविषयीचे कायदे करण्यात आले. लोकमान्य टिळक व गोपाळ कृष्ण गोखले या दोघांनीही पुणे नगरपालिकेत काम केले; गोखले तिचे अध्यक्षही होते.

या काळातील मताधिकार मालमत्ता, करभरणा किंवा शिक्षण यांवर आधारलेला होता. त्याच्या मर्यादा महाडच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजास खुले करावेत, असा सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. परंतु त्याची अंमलबजावणी झाली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी तेथे सत्याग्रह झाला. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला मूळ ठरावच रद्द केला. ज्यांच्या हक्काचा प्रश्न होता, त्यांना त्या संस्थेच्या मतदारयादीत प्रभावी स्थान नव्हते. ठराव मागे घेणाऱ्या सदस्यांना त्यांच्या मतांची भीती बाळगण्याचे कारण नव्हते. तळ्याचा हक्क शेवटी मुंबई उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निर्णयाने प्रस्थापित झाला. संस्था स्थानिक असली म्हणजे ती आपोआप लोकशाही ठरत नाही, हा या घटनेचा बोध होय.

मताधिकाराचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. मुंबईत १९२२ च्या सुधारणेने दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूंना मताधिकार मिळाला. पुढे नियुक्त सदस्यांची पद्धत बंद करण्यात आली आणि प्रौढ मताधिकारावर आधारलेली पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. ग्रामीण भागासाठी १९२० व १९३३ मध्ये ग्रामपंचायतींचे कायदे झाले होते. त्यांची जागा १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने घेतली. गावातील सर्व मतदारांची ग्रामसभा व तिला उत्तरदायी असणारी निर्वाचित पंचायत, अशी रचना त्यात आहे.

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केल्यानंतर महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानुसार महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता. महाराष्ट्राने जिल्हा हा घटक प्रमुख मानला व जिल्हा परिषदेवर प्रत्यक्ष निवडून आलेले सदस्य असावेत, असे ठरविले. ग्रामीण भागातील राजकीय नेतृत्वाची एक पिढी या संस्थांतून तयार झाली.

निवडणुकांची अनियमितता : या यशस्वी प्रारंभानंतर निवडणुकांच्या वेळापत्रकात शैथिल्य आले. जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९६२, १९६७ व १९७२ मध्ये झाल्या. त्यानंतर १९७७ मध्ये अपेक्षित असलेली निवडणूक १९७९ मध्ये व पुढची एकदम १९९२ मध्ये झाली. मुंबई महानगरपालिकेची निवडणूक १९७८ नंतर १९८५ मध्ये आणि त्यानंतर १९९२ मध्ये झाली. मध्यंतरी १९८४–८५ मध्ये तेथे प्रशासकाचा कारभार होता. मुदतवाढ देणे, निवडणूक पुढे ढकलणे किंवा प्रशासक नेमणे हे अधिकार राज्य शासनाकडे असल्याने स्थानिक संस्थेचे अस्तित्व राज्यातील सत्ताधाऱ्यांच्या सोयीवर अवलंबून राहिले. १९७९ मध्ये पहिल्यांदा मतदान केलेल्या ग्रामीण मतदारास आपल्या जिल्हा परिषदेविषयी पुन्हा मत देण्यासाठी तेरा वर्षे थांबावे लागले.

याच काळात सामाजिक चळवळींनी स्थानिक निवडणुकांकडे लक्ष वेधले. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने चांदवड येथील नोव्हेंबर १९८६ च्या अधिवेशनात स्थानिक संस्थांची सत्ता स्त्रियांनी हाती घ्यावी, असा विचार मांडला. जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे १९८९ मध्ये संपूर्ण पंचायत स्त्री-सदस्यांची निवडून आली. महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या.

घटनात्मक तरतुदी : संविधानाची त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी व चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अंमलात आली. त्यांमुळे पंचायती व नगरपालिका यांना संविधानात स्थान मिळाले. निवडणुकांच्या दृष्टीने त्यांतील चार तरतुदी महत्त्वाच्या आहेत. (१) संस्थेची मुदत पहिल्या बैठकीच्या दिनांकापासून पाच वर्षे असते, त्याहून अधिक नाही. ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. संस्था विसर्जित झाल्यास सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. (२) मतदारयाद्या तयार करणे व निवडणुका घेणे यांचे अधीक्षण, निदेशन व नियंत्रण स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाकडे असते. (३) अनुसूचित जाती व जमाती यांना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा राखीव असतात. मागासवर्गीय नागरिकांसाठी आरक्षण ठेवण्याची मुभा राज्य विधिमंडळास आहे. (४) एकवीस वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती, अन्यथा अपात्र नसल्यास, उमेदवार होऊ शकते. महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के आरक्षणाची तरतूद १९९४ मध्ये व स्त्रियांसाठी ५० टक्के आरक्षणाची तरतूद २०११ मध्ये करण्यात आली.

या तरतुदींचा परिणाम लवकरच दिसून आला. मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुका १९९७, २००२, २००७, २०१२ व २०१७ या वर्षी, म्हणजे बरोबर पाच वर्षांच्या अंतराने झाल्या. बहुतेक जिल्हा परिषदांच्या बाबतीतही हेच घडले. सर्वोच्च न्यायालयाने किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या खटल्यात (२००६) पाच वर्षांची मुदत बंधनकारक असल्याचे व ती पाळण्याचे कर्तव्य राज्य निवडणूक आयोगाचे असल्याचे स्पष्ट केले. प्रभागरचनेस किंवा मतदारयादीस विलंब झाला, हे निवडणूक लांबविण्याचे समर्थनीय कारण होऊ शकत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे.

निवडणुकीची पद्धत : प्रथम जनगणनेच्या आकडेवारीवरून मतदारसंघ आखले जातात. त्यांना नगरांत व ग्रामपंचायतीत प्रभाग, जिल्हा परिषदेत गट व पंचायत समितीत गण म्हणतात. प्रारूप रचना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या जातात व नंतर ती अंतिम होते. कोणता मतदारसंघ कोणत्या प्रवर्गासाठी राखीव राहील, हे चक्रानुक्रमाने व सोडत काढून ठरते. मतदारयादी स्वतंत्रपणे तयार न करता विधानसभेची यादी प्रभागनिहाय विभागली जाते. त्यानंतर आयोग कार्यक्रम जाहीर करतो व आचारसंहिता लागू होते. नामनिर्देशनपत्रे, छाननी, माघार, चिन्हवाटप, मतदान व मतमोजणी असे पुढील टप्पे असतात. ग्रामपंचायतीची निवडणूक राजकीय पक्षांच्या चिन्हांवर लढविली जात नाही. उमेदवारांची पॅनेले मात्र असतात. इतर संस्थांत पक्षचिन्हे वापरली जातात व निवडून आलेल्या सदस्यांना १९८६ चा पक्षांतरविषयक अपात्रता अधिनियम लागू होतो. बारा सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती या निवडणुकांस अपात्र ठरते.

मुंबई महानगरपालिकेत एका प्रभागातून एकच सदस्य निवडला जातो. इतर महानगरपालिकांत ही पद्धत वारंवार बदलली : २००२ मध्ये तीन सदस्यांचे, २००७ मध्ये एका सदस्याचे, २०१२ मध्ये दोन सदस्यांचे व २०१७ मध्ये साधारणतः चार सदस्यांचे प्रभाग होते. बहुसदस्यीय प्रभागात मतदारास प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यावे लागते. स्त्रियांचे व इतर आरक्षण एकाच प्रभागात सामावून घेणे अशा प्रभागात सुलभ होते. परंतु प्रभाग विस्तीर्ण होऊन प्रचाराचा खर्च वाढतो, अपक्षांची अडचण होते आणि गटार तुंबल्यास चौघांपैकी कोणत्या नगरसेवकास जाब विचारावा, हे नागरिकास कळेनासे होते. सरपंच व नगराध्यक्ष यांच्या निवडीबाबतही असेच घडले. जनतेतून थेट सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली व २०२२ मध्ये पुन्हा आणण्यात आली. नगराध्यक्षांची थेट निवड २००१ मध्ये झाली, २००६ मध्ये ती बंद झाली, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली व २०२२ मध्ये परत आली. यांतील कोणत्याही पद्धतीचे गुणदोष सांगता येतात. तथापि सत्तांतराबरोबर नियम बदलत राहिल्यास कोणत्याही पद्धतीची पुरेशी परीक्षा होत नाही.

निवडणुकांचा खंड (२०२०–२५) : औरंगाबाद, नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली व कोल्हापूर या महानगरपालिकांच्या मुदती २०२० मध्ये संपल्या, कोविड-१९ च्या साथीमुळे तेथील निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. त्यानंतर आरक्षणाचा प्रश्न निर्णायक ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये के. कृष्णमूर्ती खटल्यात व ४ मार्च २०२१ रोजी विकास किशनराव गवळी खटल्यात स्थानिक संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तीन अटी सांगितल्या. मागासलेपणाच्या अभ्यासासाठी समर्पित आयोग नेमणे, त्याच्या शिफारशींनुसार प्रत्येक संस्थेपुरते आरक्षणाचे प्रमाण ठरविणे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवणे, या त्या तीन अटी होत. आवश्यक सामग्री उपलब्ध नसल्याने राज्यातील २७ टक्क्यांची सरसकट तरतूद टिकू शकली नाही. मार्च २०२२ मध्ये राज्याने जयंत बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच महिन्यात कायदा दुरुस्त करून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाने आपल्याकडे घेतले. जुलै २०२२ मध्ये आयोगाचा अहवाल सादर झाला. परंतु ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश दिला आणि प्रकरण प्रलंबित राहिले.

दरम्यान मुदती संपत गेल्या. मुंबई महानगरपालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक आले. २०२३ च्या अखेरीस राज्यातील एकाही महानगरपालिकेत निर्वाचित सभागृह उरले नाही. इचलकरंजी व जालना या नव्याने झालेल्या महानगरपालिकांचा आरंभच प्रशासकाच्या कारभाराने झाला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी बांठिया अहवालापूर्वीच्या आरक्षणानुसार निवडणुका घेण्याचा आदेश दिला व सप्टेंबरमध्ये त्यासाठी ३१ जानेवारी २०२६ ही अंतिम मुदत घातली. नगरपरिषदा व नगरपंचायती यांचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी व काही ठिकाणी २० डिसेंबर रोजी झाले. २९ महानगरपालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. आरक्षण ५० टक्क्यांपेक्षा अधिक झालेल्या संस्थांचा प्रश्न न्यायालयापुढे असल्याने जिल्हा परिषदांच्या निवडणुका टप्प्याटप्प्याने घेण्याचे ठरले.

या खंडाचे मोल केवळ राजकीय पक्षांना द्यावे लागले असे नाही. प्रशासकाच्या काळात सर्वसाधारण सभा व स्थायी समिती यांचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे एकवटतात. मुंबईत अर्थसंकल्प तयार करणारे आयुक्त व तो मंजूर करणारे प्रशासक ही एकच व्यक्ती होती. दैनंदिन सेवा चालू राहतात; काही निर्णय त्वरेनेही होतात. परंतु निविदेवर प्रश्न विचारणारा, करवाढीस विरोध नोंदविणारा आणि वस्तीतील पाण्याची तक्रार सभागृहात मांडणारा सदस्य नसतो. पंधराव्या वित्त आयोगाची ग्रामीण संस्थांसाठीची अनुदाने निर्वाचित मंडळ असलेल्या संस्थांसाठीच असल्याने निवडणूक लांबल्याचा आर्थिक फटकाही बसतो. शिवाय १९९७ ते २०१७ या काळात रुजलेली ‘पाच वर्षांनी मत द्यावयाचे’ ही जनमानसातील खात्री डळमळीत होते.

अन्य दोष व उपाय : निवडणूक वेळेवर होणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने स्थानिक लोकशाही बळकट होत नाही. गावात कलह टाळण्यासाठी बिनविरोध निवडीस प्रोत्साहन दिले जाते. मात्र एकमत आणि दडपण यांतील सीमारेषा पुसट असते. नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणूक रद्द केली. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायास सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यावी, असा आदेश आयोगाने २०१८ मध्ये काढला. स्त्रियांच्या आरक्षणामुळे निम्म्या जागांवर स्त्रिया येऊ लागल्या. परंतु राखीव मतदारसंघ दर निवडणुकीस बदलत असल्याने अनुभव मिळविलेल्या सदस्येस त्याच प्रभागातून पुन्हा उभे राहण्याची संधी अनेकदा मिळत नाही.

निर्वाचित संस्थेच्या हाती प्रत्यक्ष अधिकार व पैसा असणे, हा दुसरा निकष होय. महानगरपालिकेतील कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात. महापौराचे पद अडीच वर्षांचे व बव्हंशी मानाचे असते. जकात हे नगरांच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन होते. टप्प्याटप्प्याने ती रद्द होऊन २०१७ मध्ये मुंबईतही संपुष्टात आली व तिच्या जागी राज्याकडून मिळणारी भरपाई आली. परिणामी मतदारास आश्वासन देणाऱ्या प्रतिनिधीस ते पार पाडण्यासाठी राज्याकडे पाहावे लागते.

तिसरा निकष दोन निवडणुकांमधील लोकसहभाग हा होय. ग्रामसभा हे त्याचे मुख्य साधन आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वासाच्या ठरावास ग्रामसभेची मान्यता लागते, ही तरतूद त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. नगरांत मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद २००९ मध्ये करण्यात आली. तथापि ग्रामसभेसारखी ती रुजली नाही.

प्रभागरचनेचे काम मुदत संपण्याच्या पुरेसे आधी व स्वतंत्र यंत्रणेकडून पूर्ण होणे, आरक्षणासाठीची आकडेवारी सतत अद्ययावत ठेवणे, निवडणुकीच्या तोंडावर पद्धतीत बदल न करणे आणि विलंबाच्या खटल्यांचा निकाल मुदतीच्या आत लागणे, हे उपाय अभ्यासकांनी व निवडणुकांशी संबंधित असणाऱ्यांनी वेळोवेळी सुचविले आहेत. त्यांसाठी संविधानात नवी तरतूद करण्याची आवश्यकता नाही. पाच वर्षांची मर्यादा तेथे स्पष्ट शब्दांत नमूद आहे. ती पाळली गेली तेव्हा स्थानिक संस्था सजीव राहिल्या, आणि ती मोडली गेली तेव्हा त्या शासनाची केवळ कार्यालये बनल्या, असा महाराष्ट्राचा अनुभव आहे.